म्हातारीचंही मोजा

या, बसा. असे दारात काय अडखळलात? आधी घोटभर पाणी प्या, मग कान इकडं द्या, एक गोष्ट सांगतो. हिच्यात खून नाही, पुरलेला हंडा नाही. एका गप्प बसणाऱ्या बाप्याला त्याच्या बहिऱ्या आईनं बोलतं कसं केलं, एवढंच आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मधे उठायचं मात्र नाही, सांगून ठेवतो.

तर एक कांद्याची चाळ होती. बांबूच्या फटींच्या भिंती, डोक्यावर पत्रा, आत पुरुषभर उंचीचा कांद्याचा ढीग. त्या साली हवाच अशी पडली की विचारू नका. धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसता दमटपणा. भिंतीला हात लावला तर हात ओला. कांद्याला सडायला आणखी काय लागतं? एक सडला की शेजाऱ्याला धरतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. चार दिवस कुणी बघितलं नाही तर ढिगाचा चिखल. म्हणून चाळवाल्यानं मिळतील तेवढ्या बायका निवडायला बसवल्या. सकाळी डबा घेऊन यायचं, मांडी घालायची आणि हात चालवायचा. चांगला उजवीकडं, कोंब फुटलेला डावीकडं, काळी बुरशी धरलेला पाटीत, सडका थेट मागच्या खड्ड्यात. दिवेलागणीला बायका उठायच्या तेव्हा गुडघे असे वाजायचे, की जुन्या वाड्याची सगळी दारं कुणी एकदम उघडतंय.

त्यांच्यात एक होती, तिला सगळ्या चिमटी म्हणायच्या. कांदा वरून कितीही ठणठणीत दिसो, ही दोन बोटांनी मानेपाशी दाबायची आणि म्हणायची, "हा गेला." चाळवाला सुरुवातीला चिरून बघायचा. मग त्यानं नाद सोडला. बोलायला मात्र महाकंजूष. 'हो', 'नाही', 'असू दे', या तीन शब्दांवर तिचा अख्खा दिवस निघायचा.

त्या दिवसांत तर तेही आटले होते. झालं होतं असं, की तिच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. दोन गाड्या बदलून जायचं गाव. त्या पोरीला ना आई, ना सासू. निरोप आला, "ताई, चार दिवस ये गं. मला हिला धड उचलतासुद्धा येत नाही." चिमटीनं नवऱ्याला विचारलं. नवरा टेम्पो चालवायचा. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं बोलणंच टाकलं.

अबोल्यात गडी मोठा तरबेज. हात उचलणारा नव्हे हं. शिवी नाही, दारू नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. पण एकदा बिनसलं की चिमटी त्याच्या लेखी घरातच नसायची. तिच्याकडं बघायचा तोही खिडकीतून बाहेर बघावं तसा, आरपार. ती वाढायची ते जेवायचा, ती धुवायची ते घालायचा, आणि काही हवं असलं तर आईला सांगायचा.

"आई, हिला सांग, चहात साखर कमी आहे."

ही तिथंच, हाताच्या अंतरावर. मग म्हातारी मान वळवून सुनेला सांगायची, "तो म्हणतो, साखर कमी आहे." म्हातारीला ऐकायला कमी यायचं, म्हणून ती स्वतः बोलायची ती गल्लीच्या टोकापर्यंत. लोक तिला नगाराच म्हणायचे. नगारा वाजला की सगळ्या आळीला कळायचं, आज टेम्पोवाल्याकडं साखर कमी पडली.

हा अबोला कधी आठवडा चालायचा, कधी महिना. सुटायचा कधी? चिमटीनं मागणं सोडलं की. या खेपेलाही सोडून द्यावं, असं तिच्या मनात घोळायला लागलं होतं. पण बाळ काही वाट बघत नाही. चार दिवसांचं बाळ चार दिवसांचंच असतं, पुन्हा होत नाही.

अशात ती प्रश्नांची बाई आली.

लहानखुरी पोरगी, खांद्याला पिशवी, चपलेचा तुटका पट्टा सुतळीनं बांधलेला. बायकांना घरात काय काय सोसावं लागतं ते मोजायला आली होती. आधी घरोघरी फिरली. पण ज्या घरात जाईल तिथं कुणीतरी मांडी घालून बसलेलंच. कुठं सासू, कुठं दीर, कुठं खुद्द मालक. "विचारा की, आमच्यासमोर विचारा." मग ती बिचारी विचारायची, नळाला पाणी किती वेळ येतं? आणि उठायची.

शेवटी आली चाळीत. चाळवाला म्हणाला, "बाई, हात थांबला म्हणून कांदा सडायचा थांबत नाही."

"मी पण निवडते ना," ती म्हणाली. "निवडता निवडता बोलू आम्ही."

गोण्यांची थप्पी होती, तिच्यामागं तिनं बैठक मारली. एकेकीला बोलवायची. कांदे निवडायची ते असे, की बायकांना तिची पाटी पुन्हा उपसावी लागायची. पण विचारण्यात पोरगी पक्की होती. चाळवाल्याची पावलं वाजली की लगेच मोठ्यानं म्हणायची, "आणि नळाला पाणी किती वेळ येतं?" असं दोन-तीनदा झाल्यावर चाळवाला थप्पीवरून वाकून म्हणाला, "आमच्या टाकीला गळती आहे, तेवढं पण लिहा हो." तिनं लिहिलंसुद्धा.

पहिली गेली लोहारीण. जातानाच ओरडली, "माझा नवरा ऐरणीवर कमी नि माझ्यावर जास्त ठोकतो. लिही आणि हो मोकळी!" सगळ्या हसल्या. पण सगळ्यात जास्त वेळ तीच बसली थप्पीमागं. बाहेर आली. निवडायला बसली, आणि चांगले कांदे बुरशीच्या पाटीत टाकायला लागली. शेजारणीनं काही न बोलता ते एकेक करून बाहेर काढले.

बऱ्याच वेळानं लोहारीण म्हणाली, "अगं, ती 'मारतो का' असं विचारतच नाही. बारीक विचारते. ढकललं का. केस ओढले का. हातात काही घेऊन मारलं का. एकदा का पुष्कळदा. मी आपली 'मारतो' म्हणून एकच गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिनं गाठ सोडली."

"मग?"

"मग काय. केवढं निघालं गं आत."

मग चिमटीची पाळी. पोरगीनं आधीच सांगितलं, नको वाटेल ते सांगू नका, कुठंही थांबा म्हणा. मग सुरू केलं. मैत्रिणींना भेटू देतात का? बहीण-भावाकडं, माहेरी जायला अडवतात का? कुठं होतीस, कुठं होतीस म्हणून सारखं विचारतात का? चौथा प्रश्न होता, बोलणं टाकतात का, तुम्ही घरात नाहीच असं वागतात का? नेमका त्याच वेळी चाळवाला आला. नळाचं पाणी झालं, टाकीची गळती झाली. तो गेल्यावर पोरगीनं चौथा प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," चिमटी म्हणाली.

पुढं शिव्यांचं आलं, हाताचं आलं, लाथेचं आलं, अंथरुणातलं आलं. चिमटीनं 'नाही'चा सपाटा लावला. उठून जागेवर आली. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण कांदा उचलला, मानेशी दाबला, आणि काही केल्या कळेना, चांगला का वाईट. असं तिचं कधी झालं नव्हतं. लोक म्हणतात कांदा रडवतो. चिरणाऱ्याला रडवतो हो. निवडणाऱ्याचे डोळे कोरडे असतात. चिमटीनं डोक्याच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि खाली मान घातली.

दुपारी चाळीत नगारा दाखल. मुलानंच पाठवलं होतं, जाऊन बघ ती बाई काय उकरून काढतेय म्हणून. म्हातारी काठी आपटत थेट थप्पीमागं.

"काय गं, काय विचारलंस माझ्या सुनेला?"

पोरगीचं बोलणं काही इकडं ऐकू आलं नाही. म्हातारीचं मात्र पत्र्यावर आदळून खाली येत होतं.

"सांगायचं नाही? तिचं तिच्यापाशी? बरं. मग मला विचार!"

पोरगी काहीतरी म्हणाली.

"पन्नाशीच्या आतल्यांनाच? का? पन्नाशीपुढं दुखत नाही होय? मला मार पडला तेव्हा मी काय साठ वर्षांची होते? नवरा मेलाय, ठाऊक आहे मला. तो मेलाय, मी आहे की जिवंत! मोज माझं!"

इकडं बायकांचे हात थांबले. थोडा वेळ गेला, आणि कागद उलटल्याचा आवाज आला. कागदाच्या तोंडावर जागा नसेल, तर पाठीवर लिहायचं ठरवलं असावं पोरीनं. शहाणी होती.

मग जे झालं, ते ऐका. पोरगी विचारायची हळू, म्हातारी उत्तर द्यायची नगाऱ्यावर. पोरगी म्हणत असणार, आजी, हळू. कारण मधूनच म्हातारी गरजायची, "हळूच तर बोलतेय!" चाळीत प्रश्न एक ऐकू येईना, उत्तरं मात्र सगळी. ज्यांची पाळी व्हायची होती त्या एकमेकींना खुणा करून विचारायच्या, कशाला हो म्हणाली गं? पण चिमटीला विचारावं लागत नव्हतं. ती आत्ताच त्या वाटेनं जाऊन आली होती. कुठल्या वळणावर काय येतं ते तिला ठाऊक होतं.

"मैत्रिणी? मला कुठल्या मैत्रिणी! म्हशी होत्या."

हा पहिला.

"आई गेली तेव्हा पोचले मी. तेही लोक तिला पोचवून स्मशानातून परतल्यावर."

हा दुसरा. चिमटीच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"विचारायचा कशाला? चार ढांगांचं घर, दिसायचेच की."

आणि मग चौथा.

"वर्षभर," म्हातारी म्हणाली. "हा टेम्पोवाला पोटात होता तेव्हा धरला, तो हा रांगायला लागल्यावर सोडला. भिंतीला सांगायचा मेला. 'पाणी आण' म्हणून भिंतीला सांगायचा, आणि मी भिंतीच्या वतीनं पाणी आणायचे!" आणि मग एकदम, "थांब, थांब. अबोला पण धरता होय तुम्ही? मोजता? अगं, मग हे आधी कुणी का नाही सांगितलं? मला वाटायचं, माझा पोरगा हात उचलत नाही ना, म्हणजे सुनेला सुखच आहे की!"

चाळीत कुणी हसलं नाही. पण पुढचं उत्तर आलं, "एकदा! तांब्या फेकून! मी पण तवा फेकला होता. तुझ्या कागदात तव्याला जागा आहे का?" आणि बायका अशा फुटल्या, की ढिगावरचे दोन-चार कांदे घरंगळत खाली आले. लोहारीण तर पोट धरून आडवी. "आजी," ती ओरडली, "लागला का नेम?" "लागला तर काय!" आतून नगारा. "खोक होती त्याच्या कपाळावर मरेपर्यंत!"

मग शेवटचे प्रश्न आले. चिमटीला ठाऊक होतं, आता अंथरुणातलं येणार. बायका कान लावून बसल्या, पण ऐकू काही आलं नाही. म्हातारी बोलत होती, बराच वेळ बोलत होती. पण हळू. त्या एवढ्या उत्तरापुरता तिला आवाज खाली आणता आला.

हसणाऱ्या सगळ्या खाली मान घालून पुन्हा निवडायला लागल्या.

म्हातारी बाहेर आली, सुनेशेजारी टेकली. एक कांदा उचलून उगाच टरफलं सोलत बसली. मग तिच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे अर्ध्याच चाळीला ऐकू जाईल अशा, म्हणाली, "चौथ्याला काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

"लबाड."

"आत्या, तुमचाच मुलगा आहे तो."

"म्हणून तर म्हणते. इतकी वर्षं त्याचे निरोप मीच पोचवतेय. तो भिंतीला सांगायचा, हा मला सांगतो. म्हणजे मी भिंतच की गं!"

चिमटी उठली. फडकं सारखं केलं आणि थप्पीमागं गेली. "ताई, माझं चौथं बदलायचंय. आणि दुसरंही."

"बदलू की. आणखी कुठलं?"

"तेवढीच दोन. बाकीची 'नाही' खरी आहेत."

पोरगीनं लिहिलं. "गेल्या वर्षात कितीदा? एकदा, थोड्या वेळा, का पुष्कळदा?"

"मला कसं आठवणार? आत्याला विचारा," चिमटी म्हणाली. "निरोप त्यांनीच पोचवलेत." आणि स्वतःच्याच बोलण्यावर स्वतः हसली. लोहारीण म्हणाली, अगं, हिला दात आहेत!

हे झालं चाळीतलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं ऐका.

टेम्पोवाला ओट्यावर येऊन बसला. "आई, हिला सांग, चहा."

म्हातारी ढिम्म.

"आई! हिला सांग, चहा दे!"

"ऐकू येत नाही रे."

"चहा!"

"आज कान फारच बसलेत बघ."

चिमटी चुलीपुढंच होती. चहा उकळत होता, वास सगळ्या घरात. तिला कुणी काही सांगितलं नाही, म्हणून तिनं त्याला काही दिलं नाही. तिनं आपला कप भरला, म्हातारीचा भरला, आणि दोघी प्याल्या. टेम्पोवाल्याला वाटलं, असतो एखादा दिवस. तो तणतणत न्हाणीत शिरला. आता हा बाबा जन्मात कधी टॉवेल घेऊन आत गेलेला नव्हता. अबोला असो नसो, टॉवेल दाराला आलाच पाहिजे, अशी रीत. अंगावर पाणी घेतलं, तोंडाला साबण फासला, आणि हात बाहेर काढला. हातात काही पडेना.

"आई! हिला सांग, टॉवेल!"

म्हातारी उंबऱ्यात काठी टेकून बसलेली. "काय म्हणतोस?"

"टॉवेल! हिला सांग, टॉवेल दे म्हणून!"

"जरा मोठ्यानं बोल बाबा!"

मग काय, तो ओरडायला लागला. गप्प राहायचं म्हणून हा माणूस असा ओरडत होता, की दूधवाल्यानं सायकल थांबवली. समोरच्या माडीवरच्या बायका गज धरून उभ्या. लोहारीण आपल्या दारातून म्हणाली, "वहिनी, तुमच्या यांना टॉवेल हवाय वाटतं!"

"असेल," चिमटी म्हणाली. "मला कुणी बोललं नाही."

दूधवाला म्हणाला, "अहो, मी सांगू का आत जाऊन?"

"तू दूध घाल," म्हातारी म्हणाली. हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं.

आतलं ओरडणं थांबलं. पाण्याचे थेंब टपटपत होते. साबण डोळ्यांत उतरला असणार. हवा तर तशीच गार ओली. एक शिंक आली, मग दुसरी. आणि मग न्हाणीच्या दाराआडून, किती दिवसांनी कोण जाणे, आवाज आला,

"अगं."

"ओ," चिमटी म्हणाली.

"टॉवेल दे."

"कडीला अडकवलाय. मगाशीच." खरंच अडकवला होता. तिला टॉवेलावर सौदा करायचा नव्हता. "आणि ऐका. मी बहिणीकडं निघालेय. दुपारच्या गाडीनं जाते, आठवड्यानं येईन. विचारत नाही, सांगतेय."

आत सगळं चिडीचूप. पुन्हा अबोला धरला म्हणता? धरला की. पण ओल्या अंगानं अबोला किती टिकणार? तिसरी शिंक आली.

"...बरं," आतून आलं.

"काय म्हणाला?" म्हातारी म्हणाली. "ऐकू येत नाही!"

"बरं म्हटलं, बरं!"

माडीवरून कुणीतरी टाळी वाजवली. दूधवाला माप सांडेपर्यंत हसला.

चिमटीनं दोन कपडे पिशवीत कोंबले. चाळवाला म्हणेल, कामाच्या तोंडावर कुठं चाललीस, म्हणून म्हातारी स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसली. निवडायची ते दिव्य. चाळवाला म्हणाला, "आजी, अहो निम्मे सडके चांगल्यांत घालताय." म्हातारी म्हणाली, "ऐकू येत नाही." हे एक वाक्य तिला फार लाभलं त्या वर्षी.

तिकडं चिमटी बहिणीच्या घरी पोचली. बाळ मांडीवर घेतलं. अहो, काय सांगू, बोलायला लागली ती थांबेचना. चाळीचं सांगितलं, तव्याचं सांगितलं, टॉवेलाचं तर तीन वेळा. बहीण हसून हसून म्हणाली, "ताई, टाके दुखतात गं माझे, पुरे." मग दोघी मिळून बाळाला न्हाऊ घालायच्या. बाळ किंचाळायचं, आणि चिमटी म्हणायची, "ओरड, बाई, चांगलं मोठ्यानं ओरड."

आठवडा झाल्यावर परतली तर फाट्यावर टेम्पो उभा. कुणी बोलावला नव्हता. टेम्पोवाला म्हणाला, "बस." मग बराच रस्ता तसाच गेला. चिमटीनं मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. पण नाल्याच्या पुलापाशी, समोर बघतच, तो म्हणाला, "कुणावर गेलीय पोरगी?"

"माझ्यावर," ती म्हणाली. "आवाज मात्र आत्याचा."

तो हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसला.

तुम्ही विचाराल, सुधारला का? एका टॉवेलानं कुणी सुधारतो होय? अजून कधी कधी तोंड मिटतो. पण आता निरोप न्यायला घरात कुणी तयार नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत उघडावंच लागतं. लोहारणीचं काय झालं? तिचं टॉवेलावर भागणारं नव्हतं. प्रश्नांच्या बाईनं जाताना तिच्या कानात एका ठिकाणाचा पत्ता सांगितला होता. लोहारीण तिथं गेली, एकटी नाही, चाळीतल्या चौघी बरोबर घेऊन. आता ती वेगळ्या खोलीत राहते, आणि तिच्या दाराला कडी आतून आहे.

आता माझं एक काम करा. घरी आई असेल, मावशी असेल, थोरली बहीण असेल, तिला एकदा सवड बघून, आजूबाजूला कुणी नसताना विचारा. 'सुखात होतीस ना' असं नका विचारू. 'हो' म्हणेल आणि कामाला उठेल. एकेक विचारा, बारीक विचारा. आणि ती बोलायला लागली की मधे तोंड घालू नका. आवाज खाली गेला, तर तेवढं जरा जवळ सरकून बसा.